आधी कळलेले

पूर्वी मूल जन्माला येण्याआधी त्याच्याविषयी फारच थोडे कळत असे, आणि जे कळले असे वाटे तेही बहुधा खोटेच निघे. डोहाळे आंबटाचे की गोडाचे, पोट पुढे आले आहे की पसरले आहे, उठताना कोणता हात टेकते, यावरून म्हाताऱ्या बायका निदान करीत. आणि ते चुकले म्हणून त्यांना कोणी जाब विचारीत नसे. मूल जन्मले की त्याची ओळख सुरू होई आणि ती मुलाबरोबरच वाढे. आधी रडण्याचा आवाज, मग नाक कोणाचे, मग रंग, मग कितीतरी महिन्यांनी स्वभाव. दोष असलाच तर तो या सगळ्याच्या मध्ये कोठेतरी कळे. म्हणजे दोष कळेपर्यंत ज्याचा तो दोष, ते माणूस आपल्या ओळखीचे झालेले असे.

आता हा क्रम उलटला आहे. तालुक्याच्या गावीसुद्धा दोन-तीन दवाखान्यांत सोनोग्राफीचे यंत्र आहे, आणि पाचव्या महिन्याची तपासणी चुकवली तर घरची माणसेच रागावतात. बहुतेकींना त्या काळोख्या खोलीतून ‘सगळे ठीक आहे’ एवढे ऐकून बाहेर येता येते. पण एखादीच्या बाबतीत डॉक्टरांचा हात एका जागी थांबतो, ते बोलायचे बंद होतात, आणि मग मुलाविषयी जी पहिली गोष्ट कळते ती त्याचा दोष असते. नाव नाही, चेहरा नाही, मुलगा की मुलगी तेही नाही, फक्त दोष. ज्याची आपल्याला काहीच ओळख नाही अशा माणसाविषयी एवढी एकच गोष्ट कळली असता त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत सापडत नाही. सापडणार कसा? तो कोणाला पडलाच नव्हता. मी मॅट्रिकपलीकडे शिकले नाही. शाळेत चित्रकला शिकवते आणि कादंबऱ्या लिहिते. शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु गेली दोन वर्षे हा प्रश्न माझ्या घरात आणि माझ्या वर्गात असा दोन्हीकडे येऊन बसला आहे, आणि विचारून-वाचून जे समजले ते घेऊन मी त्याच्याशी झोंबते आहे.

प्रश्न मोघम राहू नये म्हणून एकच आजार घेते. गर्भाच्या हृदयात क्वचित गाठी दिसतात. करड्या पडद्यावर हृदयाचे चार कप्पे उघडमीट करीत असतात आणि त्यांच्या भिंतींत तांदळाच्या दाण्याएवढे, कधी वाटाण्याएवढे किंवा त्याहून मोठे पांढरे ठिपके असतात. या गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी जी, तिला रॅब्डोमायोमा म्हणतात. ती कर्करोगाची नव्हे. फार मोठी झाली किंवा अडचणीच्या जागी असली तर रक्ताची वाट अडवते, ठोके बिघडवते, आणि काही बाळे त्याने दगावतातही. पण बहुतेकांच्या बाबतीत ती गर्भात आठव्या महिन्याच्या सुमारापर्यंत वाढते आणि जन्मानंतर आपली आपण आटत जाते. दोन-चार वर्षांनी शोधू गेले तर पुष्कळदा मागमूसही राहत नाही.

मग घाबरायचे कशाला, असे वाटेल. घाबरायचे ते गाठीला नव्हे. गाठी एकाहून अधिक असल्या तर त्यांच्यामागे बहुतेक वेळा ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जनुकाचा आजार असतो. सुमारे सहा ते दहा हजार जन्मांमागे एकाला तो होतो. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी दोन जनुके आहेत. एक नवव्या गुणसूत्रावर, दुसरे सोळाव्या. दुसऱ्याचा शोध १९९३ साली लागला, पहिल्याचा १९९७ साली. दोहोंपैकी एक बिघडले की लगाम सुटतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड, कातडी अशा ठिकाणी नको तेथे गाठी उठतात. हृदयातली गाठ आधी दिसते इतकेच. तिच्यावरून जे कळते ते मेंदूविषयीचे असते.

आणि येथेच खरी अडचण सुरू होते, कारण जे कळते ते अर्धेमुर्धे असते. या आजाराच्या शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिकांना केव्हा ना केव्हा फेफरे येते. काही तान्ह्या बाळांना दिवसातून कितीतरी वेळा झटके येतात आणि त्यांची वाढ तेथेच अडते. पण जवळजवळ निम्म्या माणसांची बुद्धी सर्वसाधारण असते. काही जण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. काहींना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नसते. मुलाला झाल्यावर आईबापांना तपासतात तेव्हा त्यांतल्या एकाच्या पाठीवर फिकट पानासारखे डाग निघतात. जनुकाची तपासणी करता येते, पण ती आजार आहे की नाही एवढे सांगते, किती आहे ते नाही. सोळाव्या गुणसूत्रावरचा बिघाड सरासरीने अधिक वाईट. सरासरीने! एकाच घरात, एकच बिघाड असलेल्या दोघांपैकी एक अंथरुणाला खिळलेला आणि दुसरा दुकान चालवणारा असू शकतो.

डॉक्टरांना जे ठाऊक आहे ते शंभर मुलांविषयी, आणि आईच्या पोटात आहे ते एक. शंभर मुलांविषयीचे ज्ञान खोटे नव्हे, पण त्यांतले कोणते मूल आपले, हे त्यात लिहिलेले नसते. कादंबरी लिहिताना पात्राचा शेवट आधी ठरवून टाकला की ते पात्र पुढे हलत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. मला तो मोडून पुन्हा सुरुवात करता येते. येथे तशी सोय नाही.

माझ्या धाकट्या जावेला हे तेविसाव्या आठवड्यात कळले. पाचव्या महिन्याची तपासणी स्वच्छ होती. यात कोणाची हयगय नव्हती. या गाठी बहुधा विसाव्या आठवड्यानंतरच दिसू लागतात. शहरातल्या तज्ज्ञांनी पाच ठिपके मोजले. नवराबायकोची कातडी दिव्याखाली तपासली. त्यांच्यात काही नव्हते. तसे असणे मुळीच दुर्मीळ नाही, दोन तृतीयांश मुलांत हा बिघाड नव्यानेच झालेला असतो. गर्भजल तपासायला पाठवले. अहवालाला तीन आठवडे लागणार होते आणि चोविसावा आठवडा संपायला सहा दिवस उरले होते.

सहा दिवसांचे महत्त्व समजण्यासाठी कायदा पाहावा लागतो. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात जन्मजात दोष आहे म्हणून, चोविसावा आठवडा उलटल्यावर उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. ती नाकारली गेली. थोड्याच दिवसांत त्या बाईचा गर्भ आपोआप गेला, पण प्रश्न गेला नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि गर्भात गंभीर व्यंग आहे असे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर त्यापुढे मर्यादाच ठेवली नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, गर्भाच्या डोक्याची व मेंदूची वाढ खुंटलेली असलेल्या एका प्रकरणात, मंडळाचे मत विरुद्ध असतानाही तेहतीस आठवड्यांच्या सुमाराला परवानगी दिली आणि निवडीचा हक्क त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे स्वच्छ म्हटले. मला हा निकाल योग्य वाटतो. परंतु तालुक्याच्या गावातल्या बाईला न्यायालय फार दूर असते. ज्या गाठी पुढे आटून जातात त्यांना मंडळ ‘गंभीर’ म्हणेल की नाही, हे तिला कोणी खात्रीने सांगत नाही. तिच्या हातात चोविसावा आठवडाच असतो.

त्या सहा दिवसांत घरात काय काय बोलले गेले ते सगळे लिहिण्यासारखे नाही. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, “देवाने वेळेवर दाखवले.” दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “देवाने दिलेले परत करू नये.” दोन्ही वेळा त्या मनापासूनच बोलत होत्या. दीर इंटरनेटवर वाचीत बसत. जे वाईट सापडे ते जावेला सांगत नसत आणि जे चांगले सापडे त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नसे. जाऊ मात्र एकदा मला म्हणाली, “ताई, सगळे म्हणतात निर्णय तुझा. निर्णय माझा आहे तर घाई दुसऱ्यांची का?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पाचव्या दिवशी तिने ठरवले आणि सहाव्या दिवशी ते झाले. अहवाल पुढे यथावकाश आला. त्यात काय होते ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

दुसरी बाजू माझ्या वर्गात बसते. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदलले आहेत.) सातवीतली मुलगी. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लालसर पुळ्या, ज्यांना मुले मुरूम समजून चिडवतात. गणित येत नाही. चित्रेही खास काढत नाही. अशा मुलांच्या अंगी काही तरी अलौकिक कला असतेच अशी आपल्याकडे एक समजूत आहे, ती या मुलीने पार खोटी ठरवली आहे. दुसऱ्यांचे रंगीत खडू उचलते आणि पकडली गेली की तुमच्याकडे अशी पाहते की चोर आपणच. तिला महिन्या-दोन महिन्यांतून वर्गात फेफरे येते. मग मुलांपैकी कोणी तरी चप्पल घेऊन धावते, कोणी कांदा आणायला. आता मात्र वर्गाला ठाऊक झाले आहे: चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काही घालायचे नाही, एका कुशीवर वळवायचे, डोक्याखाली दप्तर द्यायचे, एकाने घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांवर गेले तर रिक्षा. बहुतेक वेळा दोन मिनिटांत संपते आणि आम्ही पुन्हा चित्राकडे वळतो.

या मुलीची आई शिवणकाम करते. मुलीचा आजार नक्की झाल्यावर डॉक्टरांनी तिलाही तपासले आणि तिच्या पाठीवर ते फिकट डाग निघाले. ती मला सांगायला शाळेत आली, तेव्हा तिच्या बोलण्यात दुःख होते की आश्चर्य, ते मला अजून ठरवता आलेले नाही. “बाई, म्हणजे हे मलापण आहे. जन्मल्यापासून आहे. आणि मी तर सगळे करतेय. माझ्या आईला तेव्हा पोटातच कळले असते, तर?” आणि ती आपल्या हातांकडे पाहू लागली.

या वाक्याचा वकिली उपयोग करण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. साक्ष द्यायला जे येतात ते ज्यांचे बरे चालले आहे तेच. ज्या मुलाला दिवसभर झटक्यांमागून झटके येतात ते आपल्यापुढे येऊन सांगत नाही, आणि त्याची आई रात्रभर जागी असल्यामुळे तिलाही येता येत नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने माझ्या जावेला उत्तर दिले असे मी मानीत नाही. आणि जावेने जे केले त्याने त्या बाईचा अपमान झाला असेही मानीत नाही. दोघींना ठाऊक असलेल्या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि हा फरक केवळ त्या गोष्टी केव्हा कळल्या याचा होता.

हे यंत्र मुळात कशासाठी होते ते पाहण्यासारखे आहे. धातूत आत कोठे चीर गेली आहे का ते ध्वनिलहरींनी शोधण्याची युक्ती कारखान्यांत वापरीत. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन बॉयलरच्या एका कारखान्यात गेले आणि तेथल्या यंत्रावर त्यांनी त्या तपासून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि तेथून आजच्या सोनोग्राफीची वाट सुरू झाली. हेच डोनल्ड पुढे १९६७ च्या ब्रिटिश गर्भपात कायद्याचे कडवे विरोधक होते. ज्याने खिडकी पाडली त्याने खिडकीतून काय पाहावे हे ठरवता येत नाही. लोखंडातली चीर शोधणाऱ्याला पुढे काय करायचे ते ठाऊक असते: पत्रा बाद. गर्भाच्या बाबतीत शोधण्याची युक्ती आली, पण ‘बाद’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवून दिला नाही.

आपल्याकडे तर या खिडकीचा इतिहास आणखीच वेगळा आहे. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते की येथे गर्भलिंग सांगितले जात नाही. असा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. म्हणजे एका गोष्टीपुरते आपण समाज म्हणून लिहून दिले आहे की हे ज्ञान आम्हांला देऊ नका, आम्ही त्याला लायक नाही. त्या काळातली माणसे काय बोलत ते मला आठवते. मुलगी नको असे उघड कोणी म्हणत नसे. तिच्या वाट्याला काय येणार, हुंडा कोठून आणायचा, दुसऱ्याच्या घरी तिचे हाल होतील, असे म्हणत. दयेचीच भाषा होती ती. आणि त्यातले दुःख खरेही होते. फक्त ते मुलीच्या शरीरात नव्हते, आपल्या घरांत होते.

गर्भातल्या आजाराची आणि मुलगी असण्याची मी बरोबरी करीत नाही. मुलगी हा आजार नव्हे, आणि मेंदूतल्या गाठींचे झटके समाज कितीही सुधारला तरी थांबायचे नाहीत. पण त्या जुन्या भाषेने मला एक सवय लावली आहे. ‘या मुलाच्या वाट्याला फार दुःख येईल’ असे कोणी म्हटले की मी विचारते, त्यातले मुलाच्या शरीरातून किती येणार आणि आमच्याकडून किती?

पहिल्या दुःखाचे पाहणारे लोक आहेत आणि ते काम करीत आहेत. १९६४ साली कॅनडाची एक तुकडी प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिने आणलेल्या मातीतल्या जंतूपासून सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत एक द्रव्य वेगळे केले. बेटाच्या तिथल्या नावावरून, रापा नुईवरून, त्याला रॅपामायसिन म्हणतात. पुढे प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सेहगलांनी ते जंतू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले. त्या द्रव्याचा गुण असा निघाला की या आजारात जो लगाम सुटतो, नेमका तोच ते ओढते. त्याच्याच जातीचे औषध आज मेंदूतल्या काही गाठींवर आणि झटक्यांवर देतात. रक्ताची वाट अडवणाऱ्या हृदयातल्या गाठी आटवण्यासाठी नवजात बाळांना, आणि अगदी क्वचित आईला गरोदरपणीच, देऊन पाहिल्याच्या नोंदी आहेत. झटके येण्याआधीच मेंदूचा आलेख काढीत राहायचे आणि खूण दिसताच औषध सुरू करायचे, असेही प्रयत्न झाले. युरोपातल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला, अमेरिकेतल्या तशाच एका अभ्यासात तितका दिसला नाही. पण एवढे खरे की आधी कळण्याचा उपयोग ज्यांना मूल हवे आहे त्यांनाही आहे. दवाखान्याच्या बाहेर आपण तो एकाच बाजूचा धरून चालतो.

दुसऱ्या दुःखाकडे कोण पाहते? १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात वधूवरांपैकी कोणाला वेडाचे वारंवार झटके येत नसावेत या अटीच्या शेजारीच फेफऱ्याचेही नाव होते. ते १९९९ साली काढले. तेवीस वर्षे कायदाच सांगत होता की फेफरे येणाऱ्याने लग्नाला उभे राहू नये. आणि कायद्यातून शब्द गेला म्हणून घरांतून जात नाही. शिवणकाम करणारी ती बाई मुलीचा आजार नातेवाइकांत ‘अशक्तपणा’ म्हणून सांगते. ती खोटे बोलते असे मला वाटत नाही. तिला धाकट्या मुलाचेही लग्न करायचे आहे.

या आजाराला नाव देणारा फ्रेंच डॉक्टर, बूर्नव्हील, मला या सगळ्यात फार जवळचा वाटतो. हृदयातल्या गाठी आणि मेंदूतले टणक भाग एकाच नवजात बाळात असल्याची नोंद त्याच्या आधी, १८६२ साली, जर्मनीत फॉन रेक्लिंगहाउझेनने केली होती. ते बाळ चार श्वास घेऊन गेले होते. बूर्नव्हीलने १८८० साली पॅरिसमध्ये झटके येऊन वारलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचा मेंदू उघडून पाहिला. त्यात कंदासारखे टणक गोळे होते, म्हणून हे नाव. मेंदू पाहून तो थांबला असता तर त्याचे नाव फक्त वैद्यकाच्या पुस्तकात राहिले असते. पण ज्या मुलांना त्या काळी नुसते कोंडून ठेवीत, त्यांच्यासाठी त्याने पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या रुग्णालयात शाळा उभी केली. तेथे चालायला, चमच्याने जेवायला, अंगरख्याची गुंडी लावायला शिकवीत. ज्यांना जमे त्यांना अक्षरे, आणि मोठ्यांना शिवण, चांभारकाम, छापखान्याचे काम. ज्याच्या नावाचा आजार, त्याचीच शाळा. शिक्षिका म्हणून मला याचा थोडा अभिमान वाटतो, जरी त्यात माझा काही वाटा नसला तरी.

त्या सहा दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी जावेने मला एक प्रश्न विचारला होता. डॉक्टरांना तिने पुष्कळ विचारले होते आणि त्यांनी टाळाटाळ न करता उत्तरे दिली होती. मला तिने विचारले, “ताई, तुमच्या शाळेत असे मूल घेतात का?” मी तिला जे खरे ते सांगितले. घेतात, २००९ च्या कायद्याने नाही म्हणताच येत नाही. वर्गात बसू देतात. फेफरे आले तर काय करायचे ते माझ्या वर्गाला येते, शेजारच्या वर्गाला येत नाही. डबा खाताना तिच्याजवळ बसणाऱ्या दोन मुली आहेत. गेल्या वर्षी तीन होत्या. गॅदरिंगला मागच्या रांगेत उभी करतात. सहलीला नेत नाहीत. जबाबदारी कोण घेणार असे विचारतात.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “दोन मुली आहेत ना?” आणि पुन्हा काही विचारले नाही.